समुद्र होता होता राहिलेली जमीन

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं अक्कलकुव्याहून गुजरातकडे निघालं की सीमेच्या अलीकडे खापर लागतं. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला तापीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेलं काळं रान. महाशिवरात्रीच्या दिवसांत देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या यात्रेला निघालेली माणसं याच रस्त्यानं जातात. शिवारात कापूस, तूर, ज्वारी. खंबातचं आखात इथून शंभरावर किलोमीटर दूर, त्यामुळे खारा वारा गावापर्यंत पोचत नाही. आणि तरीही खापरच्या जमिनीबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट समुद्राची आहे. हा सगळा पट्टा महासागर व्हायच्या वाटेवर होता. पृथ्वीनं इथे खंड फाडायला घेतला होता, फाटायला सुरुवातही झाली होती, आणि मग ते काम मध्येच थांबलं.

खंड फाटतो म्हणजे काय? पृथ्वीचं वरचं कठीण कवच अखंड नाही, त्याचे लहानमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. प्लेट हा शब्दही आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एकेका भूपट्टाची जाडी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्याच्या खालचं प्रावरण घनच असतं, पण इतकं तापलेलं की लाखो वर्षांच्या हिशेबात ते हळूहळू वाहतं, आणि वरचे पट्ट सरकत राहतात. भूपट्टांच्या माथ्यावरचं कवच मात्र दोन जातींचं आहे. खंडांखाली ते साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, ग्रॅनाइटच्या कुळातल्या हलक्या खडकांचं. समुद्राखाली ते जेमतेम सात किलोमीटर, आणि जड बेसाल्टचं. जगाचा नकाशा या एका फरकातून तयार झाला आहे. हलकं, जाड कवच वर उचललेलं राहतं, ती जमीन. जड, पातळ कवच खाली बसतं, त्यावर पाणी साचतं, तो महासागर. आपल्याला वाटतं खड्डा होता म्हणून पाणी भरलं. खरं तर महासागराखालचा दगडच वेगळा आहे, आणि पाणी उपसून टाकलं तरी तो तळ खोलच राहील.

नवा महासागर जन्माला येतो तो जमिनीच्या पोटातून. खंड दोन्ही बाजूंनी ताणला जातो, पातळ होतो, मधला लांबट पट्टा खचतो. खचलेल्या पट्ट्यात नद्या शिरतात, गाळ साचतो, कधी बाहेरच्या समुद्राचं पाणी आत येतं. खालून शिलारस भेगांमध्ये चढतो. ताण सुरूच राहिला तर शेवटी हलकं कवच पुरतं तुटतं, आणि मधल्या फटीत शिलारस थिजून नवा, जड समुद्रतळ तयार होऊ लागतो. पूर्व आफ्रिकेची खचदरी आज या वाटेवर आहे. तांबडा समुद्र तिच्या पुढे गेलेला आहे. पण सुरू झालेली प्रत्येक फाट महासागरापर्यंत पोचतेच असं नाही. जुन्या लुगड्याला दोन ठिकाणी फाट गेली आणि ते ओढलं, तर एक फाट झरझर पुढे जाते आणि दुसरी आहे तिथेच राहते. हाताचा सगळा जोर पहिलीनंच घेतलेला असतो. भारताच्या पश्चिम भागात हेच घडलं. पुढे गेलेली फाट म्हणजे आजचा अरबी समुद्र. मागे राहिलेली फाट म्हणजे नर्मदा आणि तापी यांचा पट्टा, ज्याच्या मध्ये खापर बसलं आहे.

आधी नद्यांकडेच बघा. गोदावरी, कृष्णा, महानदी, भारतीय द्वीपकल्पातल्या मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात. नर्मदा आणि तापी मात्र उलट्या, पश्चिमेला. शाळेत हे पाठ केलेलं असतं, कारण मात्र बहुधा विसरलेलं असतं. या दोघींनी आपापली दरी कोरून काढली, असं म्हणणं अपुरं आहे. खचलेले पट्टे आधीच तयार होते, नद्या त्यांत उतरल्या. दोन खचलेल्या पट्ट्यांच्या मध्ये उंच राहिलेला ठोकळा म्हणजे सातपुडा, तोरणमाळचं पठार आणि तेराशे मीटरांवर गेलेला अस्तंभा अंगावर घेऊन उभा असलेला. आणि ही रेषा एवढी सरळ का? कारण ती फार जुनी आहे. उत्तरेकडचा बुंदेलखंडाचा आणि दक्षिणेकडचा बस्तर-धारवाडचा, असे दोन प्राचीन भूखंड शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथेच एकमेकांना जोडले गेले. लुगडं शिवणीवर उसवतं, तसा खंडही पुढे जेव्हा जेव्हा ताणला गेला तेव्हा याच जोडावर उसवू लागला.

समुद्राचं पाणी तर इथे खरोखर आलं होतं. खापरच्या ईशान्येला, नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यातलं बाघ हे गाव लेण्यांसाठी आणि छापील कापडासाठी प्रसिद्ध आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ओळखतात ते तिथल्या चुनखडकासाठी. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राची एक लांब जीभ नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून आत शिरली होती. बाघच्या थरांत शिंपले सापडतात, सी-अर्चिन सापडतात, गोगलगाईसारखे गुंडाळलेले अॅमोनाइट सापडतात. हे सगळे खाऱ्या पाण्यातले जीव, आज कोणत्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. नंतर पाणी मागे हटलं आणि त्याच परिसरात डायनोसॉर अंडी घालायला येऊ लागले. बाघ-कुक्षीच्या भागात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. तापीच्या बाजूलाही वरून दिसणाऱ्या काळ्या दगडाच्या खाली काय दडलंय, ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं तपासलं आहे. सेंधव्यावरून जाणाऱ्या रेषेवर जमिनीत स्फोट करून, परत येणारे कंप टिपून त्यांनी खालचं चित्र काढलं. लाव्हाच्या खाली गाळाच्या खडकांचे जाड थर निघाले. म्हणजे लाव्हा यायच्या आधीच ही जमीन खचत होती आणि तिच्यात गाळ भरत होता.

मग लाव्हा आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर जे घडलं त्याची कल्पना करायला ज्वालामुखीचं नेहमीचं चित्र उपयोगाचं नाही. शंकूच्या आकाराचा डोंगर, वर धूर, उतारावरून लाल ओघळ, असं काही इथे नव्हतं. जमीन लांबच लांब भेगांनी उघडत होती आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन सपाटीवर पसरत होता. एक थर थिजायचा, कधी कधी पुढचा यायला इतका वेळ जायचा की पहिल्याच्या माथ्यावर दगड कुजून लाल थर तयार व्हायचा, आणि त्यावर नवा लाव्हा. विहीर खणणाऱ्या माणसाला ही सगळी कहाणी कुदळीनं वाचता येते: मुरूम, मग मऊ मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबडा पट्टा, आणि पुन्हा मांजऱ्या. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर भरलेले स्फटिक. यातला बहुतेक लाव्हा दहा लाखांहून कमी वर्षांत आला. आज त्यातला जो भाग झिजून उरला आहे तोही पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे.

ज्या भेगांतून तो आला त्या भेगा कुठे आहेत? इथे नंदुरबार-धुळ्याचा भाग जगाच्या भूशास्त्रात नाव कमावून बसला आहे. भेगेत शेवटी उरलेला शिलारस तिथेच थिजतो. तो आजूबाजूच्या दगडापेक्षा कठीण असला तर बाकीचं झिजून जातं आणि तो उभ्या भिंतीसारखा वर उरतो. त्याला डाईक म्हणतात. तापी ओलांडून नंदुरबार, दोंडाईचा, साक्री, धुळे या बाजूला गेलं की सपाट रानात अचानक सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या टेकड्या दिसतात, मैलोन्‌मैल, कुणी दोरी लावून आखल्यासारख्या. पश्चिमेला डेडियापाड्याकडेही अशा डाईक आहेत. रंजिनी रे, हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यानं आयआयटी मुंबईतून नंदुरबार-धुळ्याच्या या समूहाचा नीट अभ्यास करून तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांत एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाईक त्यांनी मोजल्या. जाडी ३ मीटरांपासून ६२ मीटरांपर्यंत. सर्वांत लांब डाईक साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाते, ७९ किलोमीटर. साक्रीत सुरू झालेली एकच भेग पारोळ्याच्या दिशेनं निघते आणि वाटेत धुळं मागे टाकते, हे नुसतं नकाशावर बोट फिरवून पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

पण मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते त्यांचं दिशेबद्दलचं मोजमाप. या भिंती जवळजवळ सगळ्या उभ्या आहेत, आणि त्यांची सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंशांवर आहे. म्हणजे सरळ पूर्व-पश्चिम, फरक फक्त दोन अंशांचा. भेग नेहमी ओढीच्या आडव्या दिशेला उघडते. भेगा पूर्व-पश्चिम असतील तर जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. ६२ मीटर जाडीची भिंत उभी आहे याचा अर्थ त्या जागी उत्तरेकडची जमीन दक्षिणेकडच्या जमिनीपासून ६२ मीटर दूर सरकली आणि मधली जागा शिलारसानं भरली. खंड फाटू पाहत होता याचा इतका थेट, हात लावून बघता येणारा पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे मला ठाऊक नाही. शिवाय याच अभ्यासानुसार मोठ्या डाईकांपैकी एकेकीनं काही वर्षांतच हजार घन किलोमीटर लाव्हा बाहेर ओतलेला असू शकतो. हजार घन किलोमीटर म्हणजे साऱ्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर तीन मीटरांहून जाड थर. एका भेगेतून.

एवढं होऊनही इथे महासागर झाला नाही, कारण तेवढ्यात पश्चिमेची फाट सुटली.

त्या काळी भारताच्या पश्चिमेला आजचा समुद्र नव्हता. मादागास्कर नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास भारतापासून वेगळं होऊन गेलं होतं, पण सेशेल्सचा तुकडा अजून आपल्या किनाऱ्याला चिकटून होता. दख्खनचा लाव्हा ओसरता ओसरता, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, तोही तुटला. आज सेशेल्स मुंबईपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरांवर आहे. महासागराच्या मधोमध असलेली बहुतेक बेटं ज्वालामुखीच्या बेसाल्टची किंवा प्रवाळाची असतात. सेशेल्सच्या माहे बेटावर मात्र पंचाहत्तर कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे, खंडाचा दगड, समुद्राच्या मध्यावर. आणि त्याच द्वीपसमूहातल्या सिलुएट बेटावर दख्खनच्या लाव्हाच्या सुमाराचे अग्निजन्य खडक आहेत. आपल्या कोकणाचा समोरचा काठ पाहायचा असेल तर तिथे जावं लागेल.

भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये जो तळ तयार झाला तो कुठून आला, याचं उत्तर आपल्याच समुद्रात आहे. अरबी समुद्राच्या मध्यावरून, पाण्याखाली, कार्ल्सबर्ग रिज नावाची डोंगररांग गेलेली आहे. १९२८ ते १९३० च्या डेन्मार्कच्या डाना मोहिमेनं तिला हे नाव दिलं. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली मबाहिस या इजिप्शियन जहाजानं तिची आणखी मोजणी केली. पण ती रांग आहे तरी काय, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. ते कळलं १९६२ मध्ये. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू होती. एचएमएस ओवेन या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी विषुववृत्ताच्या उत्तरेला पाचेक अंशांवर या रांगेच्या माथ्यावरून चुंबकमापक ओढत नेलं. हाती आलेल्या आकड्यांवर केंब्रिजमध्ये त्यांचा तरुण विद्यार्थी फ्रेड वाइन बसला.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. शिलारस थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडतात आणि मग ती सोडत नाहीत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मात्र अधूनमधून उलटतं, उत्तर दक्षिण होते आणि दक्षिण उत्तर. शेवटची मोठी उलटापालट साडेसात-आठ लाख वर्षांपूर्वी झाली. वाइनच्या लक्षात आलं की डोंगररांगेच्या माथ्यावर सतत नवा तळ तयार होत असेल आणि दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर तळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आलटून पालटून पडायला हवेत. मोजमापं नेमकी तशीच होती. ७ सप्टेंबर १९६३ च्या नेचरमध्ये वाइन आणि मॅथ्यूज यांचा लेख आला, आणि समुद्राचा तळ पसरतो या कल्पनेला पहिल्यांदा मोजता येणारा आधार मिळाला. ज्या समुद्रात रत्नागिरी-मालवणचे मच्छीमार जाळी टाकतात त्याच समुद्राच्या तळानं भूपट्टांचं शास्त्र जगाला दिलं, ही गोष्ट मराठी शाळांतून ठळकपणे सांगितली जायला हवी. त्याच हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला इथे तिचं मुख्यालय आहे, आणि अरबी समुद्राच्या तळाचा अभ्यास तिथे अजून चालू आहे. कार्ल्सबर्ग रिजवर आजही वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर नवा तळ वाढतो.

चुंबकानं समुद्राचं जसं सांगितलं तसंच आपल्या काळ्या दगडाचंही सांगितलं, आणि तेही समुद्राच्या आधी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने तपासले आणि निष्कर्ष १९५६ मध्ये छापले. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, आणि ध्रुवांकडे जावं तशी अधिकाधिक कलते. दगडात थिजलेला हा कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. दख्खनचा दगड सांगत होता: विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान. खापर आज साडेएकवीस अंश उत्तरेला आहे. खापरच्या बांधावर पडलेला एखादा काळा धोंडा जिथे थिजला तिथून पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आला आहे, आणि वाटेत त्यानं विषुववृत्त ओलांडलं आहे. ज्या काळात खंड सरकतात म्हणणाऱ्याला बहुतेक शास्त्रज्ञ हसत होते, त्या काळात हा दगड साक्ष देत होता.

हा प्रवास सुरुवातीला भयंकर वेगानं झाला, वर्षाला पंधरा सेंटीमीटरांहूनही जास्त. भूपट्टांच्या जगात हा वेग फार मोठा. कारण पुढे, भारत आणि आशिया यांच्यामध्ये, टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्याचा जड, थंड झालेला तळ आशियाखाली बुडत होता. बुडणारा तळ मागच्या सगळ्या पट्टाला खेचत होता. समुद्रतळाचं आयुष्य हे असं असतं. माथ्यावर जन्मायचं, थंड होत जड होत सरकायचं, आणि शेवटी कुठल्या तरी खंडाखाली परत प्रावरणात जायचं. म्हणूनच आजच्या महासागरांच्या तळांवर अठरा-वीस कोटी वर्षांपेक्षा जुना दगड क्वचितच सापडतो, आणि खंडांवर मात्र चारशे कोटी वर्षांचे खडक टिकून राहतात. अरबी समुद्राच्याही वायव्य कोपऱ्यात, मकरानच्या किनाऱ्याखाली, तळ असाच बुडतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपातून उठलेल्या सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

लाव्हा आला कुठून, यावर मात्र अजून वाद आहे. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की प्रावरणात खोलवरून वर येणारा एक उष्ण झोत भारताखाली आला होता. भारत पुढे निघून गेला, झोत मागे राहिला, आणि त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची माळ तयार झाली. तोच झोत आज रेयुनियन बेटाखाली आहे, जिथला पितोन द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे. खापरहून ते बेट सुमारे पाच हजार किलोमीटर. याच नंदुरबार-धुळ्याच्या डाईक मोजणाऱ्या हेतू शेठ यांना मात्र ही मांडणी पटत नाही. त्यांच्या मते जमीन ताणली जाणं, फाटणं, हेच मूळ कारण, आणि लाव्हा त्याचा परिणाम. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर देणारे पुरावे दूरच्या प्रयोगशाळेत नाहीत, तापीकाठच्या रानात उभे आहेत.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. वेग उतरला, आज तो वर्षाला पाचेक सेंटीमीटर आहे. टेथिसचा तळ चुरगळून हिमालयात चढला, एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक गेला. या टकरीचा खापरशी संबंध काय? उत्तरेला अडलेला भारत दक्षिणेकडून अजून ढकलला जातो आहे, आणि त्या दाबाखाली मधली जुनी कमकुवत रेषा पुन्हा जागी होते. जी जमीन एकेकाळी उत्तर-दक्षिण ताणली जात होती, तीच आता उत्तर-दक्षिण दाबली जाते आहे. ताणाच्या काळात खाली घसरलेले ठोकळे दाबाखाली वर सरकू पाहतात. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेल्या मोठ्या भूकंपाचं केंद्र जमिनीखाली सुमारे चाळीस किलोमीटरांवर होतं. २३ मार्च १९७० रोजी भडोच हादरलं, खापरपासून ते शंभरेक किलोमीटरांवर. २२ मे १९९७ रोजी याच रेषेच्या पूर्व टोकाकडे जबलपूर. कोयना आणि किल्लारी आपल्याला आठवतात, कारण तिथलं दुःख आपल्या घरातलं आहे. सातपुड्याची ही रेषाही तितक्याच गांभीर्यानं लक्षात ठेवायला हवी. इथे घर बांधताना भूकंपाचा विचार करणं हा अतिरेक नाही.

शहादा तालुक्यात दरा गावाजवळ उनपदेव आहे. तिथलं पाणी बारमाही गरम येतं आणि लोक श्रद्धेनं त्यात अंघोळ करतात. त्याच्या खाली ज्वालामुखी नाही, इथला शेवटचा शिलारस कधीच थिजला. पावसाचं पाणी जुन्या भेगांनी खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. फाटता फाटता राहिलेल्या जमिनीच्या भेगा अजून आत खोलवर जातात, हे सांगणारा हा झरा आहे. डाईकही विहिरींच्या कामाच्या. जमिनीखाली वाहतं पाणी एखादी डाईक धरणासारखी अडवते, तर एखादी भेगाळलेली डाईक ते पुढे वाहून नेते. म्हणून एकाच शिवारात भिंतीच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, असं घडतं. बोअर घ्यायच्या आधी डाईक कुठून गेली आहे हे पाहण्यात पैसे वाचतात.

या भिंतींचा दगड कठीण, एकजिनसी, म्हणून खडीला उत्तम. खाणींसाठी त्या फोडल्याही जातात. रस्त्यांना खडी लागते हे खरं, पण सगळ्या फोडू नयेत. निदान काही चांगल्या, लांब डाईक अभ्यासासाठी आणि बघण्यासाठी राखून ठेवाव्यात, आणि हे काम ग्रामपंचायतींनाही करता येण्यासारखं आहे.

खापर, अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, साक्री इथल्या शिक्षकांना एक विनंती. पावसाळा सरला की मुलांना जवळच्या एखाद्या डाईककडे न्या, आणि शाळेतलं साधं होकायंत्र बरोबर घ्या. भिंत कोणत्या दिशेनं धावते ते मुलांनाच मोजू द्या, आणि दुसऱ्या गावच्या शाळेनं मोजलेल्या दिशेशी ताडून पाहू द्या. होकायंत्र मात्र थेट दगडावर ठेवू नका, भिंतीपासून थोडं लांब उभं राहून दिशा घ्या. दगडातल्या मॅग्नेटाइटमुळे सुई हलू शकते.